परदेशी माणसाला प्रवेश मोफत

सिंगापूरहून परत आलेल्या माणसानं आधी तिथल्या स्वच्छतेबद्दल बोलायचं, मग शिस्तीबद्दल, मग आपल्याकडच्या खड्ड्यांबद्दल, असा आमच्या सोसायटीत रिवाज आहे. मी तो लगेच पाळून टाकतो. स्वच्छ आहे. शिस्त आहे. खड्डे नाहीत. आता मी तिथे जुगार कसा शिकलो ते सांगतो.

दचकू नका. मी पुण्यात जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. फळ्यावर मी इतकी नाणी उडवली, इतके फासे टाकले आणि इतके पत्ते पिसले, की कुणाला वाटावं हा माणूस अड्डेवाला आहे. प्रत्यक्षात दिवाळीतल्या बदाम सातच्या पलीकडे माझी मजल नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर पुन्हा एकदा मुलाकडे निघताना मी ठरवलं, या खेपेला पक्षी उद्यान नको, फुलांची बाग नको. तिथे कॅसिनो सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तिथे जायचं, नीट अभ्यास करून ब्लॅकजॅक खेळायचं आणि शहाण्या माणसासारखं वेळेवर उठून यायचं.

सुमतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, वेगळंच ठरवलं होतं. विमानात जेवणाचा ट्रे उचलून नेल्याबरोबर ती म्हणाली, "या खेपेला तुम्ही निखिलला स्पष्ट विचारायचं. परत कधी येतोस? तारीख सांग, म्हणावं."

"सांगतो की तो. दोन वर्षांनी."

"ते तो गेल्यापासून सांगतोय."

हे खरं होतं. पण एकट्या निखिलला बोल लावण्यात अर्थ नाही. तिथल्या मराठी मंडळींत हे दोन वर्षांचं प्रकरण घरोघरी आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, तो दोन वर्षांनी परत निघालेला असतो. फ्रिज घेतानाही म्हणतो, दोन वर्षांसाठी मोठा कशाला? आणि मग मोठाच घेतो.

"तुम्ही विचारा," सुमती म्हणाली. "मी विचारायला गेले तर मला रडू येईल, आणि मग तो काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. मला खरं काय ते ऐकायचंय."

मी बरं म्हटलं. विमानात माणूस कशालाही बरं म्हणतो.

पुंगोल

निखिल पुंगोलला राहतो. पुंगोल म्हणजे पाण्याकाठी उभ्या केलेल्या नव्या उंच इमारती आणि त्यांच्यामधून गोल गोल फिरणारी, ड्रायव्हर नसलेली एक छोटी गाडी. स्टेशनपासून निघते, सगळ्या इमारतींना हात लावते आणि परत स्टेशनवर येते. चुकून झोप लागली तरी माणूस हरवत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. लिफ्टमध्ये शिरलं की पोटाशी बांधलेली बाळं आणि ढकलगाड्या. म्हातारी माणसं दिसली की समजावं, पाहुणी आहेत.

घरात निखिल, सून गौरी आणि इरा. इरा सहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि शेवटी एक 'ला' लावलेला असतो. "इरा, वरण घे गं." "डोन्ट वॉन्ट, ला."

ब्लॅकजॅकचा तक्ता मी पुण्याहूनच छापून नेला होता. खेळ सोपा आहे. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडायची नाही. ओलांडली की मेलात. समोर पानं वाटणारी असते, तिचं एक पान उघडं असतं. ते बघून ठरवायचं, अजून पान मागायचं की थांबायचं. कुठल्या बेरजेला काय करायचं हे गणितानं कधीच काढून ठेवलेलं आहे. आपलं डोकं चालवायचं नाही, हीच त्यातली विद्या. ते चालवलं की पैसे जातात.

सरावाला मी इराला पानं वाटायला बसवलं. चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या, जागी चवळी. दोन दिवसांत पोरगी अशी तयार झाली की माझी बेरीज मी करण्याआधी ती ओरडायची, "आजोबा, ट्वेंटी-टू! यू डाय ऑलरेडी!" सुमती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "छान. सगळ्या आज्या-आजोबांनी शुभंकरोति शिकवलं. तुम्ही हे शिकवा."

तिसऱ्या दिवशी गौरीला बालवाडीतून फोन आला. इरानं वर्गातल्या मुलांना जमिनीवर बसवून खडूचे तुकडे वाटले होते आणि टीचरला सांगितलं होतं, की माझे आजोबा कॅसिनोचे सर आहेत. गौरीनं फोनवर किती वेळा सॉरी म्हटलं ते मी मोजलं नाही. संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, "बाबा, निदान एकवीसपर्यंतची बेरीज पक्की झाली तिची." सून चांगली आहे आमची.

जेवताना मी घराला माझे दोन नियम ऐकवले. एवढ्या चिप्स घेऊन बसायचं. त्या संपल्या की उठायचं. आणि तेवढ्याच जिंकलो तरीही उठायचं. "पान कुठलं घ्यायचं ते कुणीही पाठ करेल," मी म्हणालो, "पण उठायचं कधी, हे बसण्याआधी ठरलेलं पाहिजे. बसल्यावर ठरवू म्हणणारा कधीच उठत नाही."

सुमतीनं माझ्याकडे बघितलं, मग निखिलकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. विचारा ना आता, असा त्या बघण्याचा अर्थ होता. निखिल मान खाली घालून आमटी ओरपत होता. मी विचारलं नाही. जेवताना कुठे विचारायचं.

लिटिल इंडिया

शनिवारी आम्ही लिटिल इंडियात गेलो. तिथे चोवीस तास उघडं असणारं एक अजस्र दुकान आहे. त्यात शिरलेला मराठी माणूस फक्त एक किसणी घ्यायला जातो आणि सूटकेस विकत घेऊन बाहेर येतो, कारण घेतलेलं सामान भरायला काहीतरी लागतं. सुमतीनं तिथे साबुदाणा, भगर आणि हिंग असं सगळं घेतलं. मी म्हटलं, अगं, आपण परवाच पुण्याहून पिशवीभर आणलंय. ती म्हणाली, "राहू दे त्यांच्याकडे. दोन वर्षं पुरेल."

डोसा खाताना तिनं विचारलं, "विचारलंत का?"

"सोमवारी तो सुट्टी घेतोय. मला कॅसिनोत नेणार आहे. तेव्हा निवांत विचारतो."

"जुगाराच्या अड्ड्यावर जाऊन विचारणार तुम्ही, मुलगा घरी कधी येतो ते! धन्य आहे."

खाडीकाठी

सोमवारी दुपारी आम्ही बापलेक एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, निघालो. निखिल मागे कधीतरी फोनवर म्हणाला होता, आपल्याला प्रवेश फुकट असतो, पासपोर्ट दाखवला की झालं. पूर्वी तो ऑफिसच्या मित्रांबरोबर एकदा तसाच जाऊन आला होता. फुकट म्हटल्यावर माझं पुणेरी मन प्रसन्न झालं होतं.

दाराशी दोन वाटा होत्या. मी पासपोर्ट हातात घेऊन परदेशी लोकांच्या रांगेत लागलो. मागे वळून बघतो तर निखिल खांबापाशी उभा.

"बाबा, तुम्ही जाऊन या. मी बाहेर बसतो पाण्यापाशी."

"अरे, ये की! फुकट आहे. सोडतोस काय!"

"मला फुकट नाही."

मी पाटी वाचली. परदेशी माणसाला प्रवेश मोफत. सिंगापूरचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांना एका दिवसाचे शंभर डॉलर. आपल्या माणसांनी जुगाराच्या नादी लागू नये म्हणून सरकारनं त्यांना दारातच दंड लावला आहे. परक्यांचं काय व्हायचं ते होवो. या, सुखानं या. नियम अगदी शहाणपणाचा होता. फक्त माझा मुलगा त्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे हे मला कळत नव्हतं.

"मार्चमध्ये पीआर मिळाला, बाबा," निखिल म्हणाला. "आता मी इथला कायमचा रहिवासी आहे. सांगणार होतो तुम्हाला."

मी म्हणालो, "अभिनंदन."

आतून वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं. पोरगा नोकरीसाठी विमानात बसला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं, कारण तेव्हा तो जात होता, एवढंच. आता तो गेला होता. आणि ते मला कळलं कुठे, तर जुगाराच्या दारातल्या पाटीवर. मागचे लोक पुढे सरकत होते. माझं तोंड त्याला दिसू नये म्हणून मी पासपोर्ट पुढे केला आणि आत गेलो.

आत थंडगार. गालिचा एवढा जाड की चप्पल रुतते. घड्याळ कुठेच नाही. कोपऱ्यात यंत्रातून मायलो, म्हणजे चॉकलेटचं पेय, फुकट मिळतं, ते मी दोन ग्लास प्यायलो, कारण फुकट होतं. मग ब्लॅकजॅकच्या टेबलाशी जाऊन बसलो.

शेजारी एक चिनी बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, पांढरे आखूड केस, अंगात फुलाफुलांचा शर्ट. त्या स्वतः बसल्या नव्हत्या. तिथे अशी पद्धत आहे, की बसलेल्या माणसाच्या चिप्समागे उभ्या माणसानं आपल्या चिप्स ठेवायच्या. तो जिंकला तर हेही जिंकले, तो मेला तर हेही मेले. पान घ्यायचं की नाही ते मात्र बसलेल्यानंच ठरवायचं. मी तक्त्याप्रमाणे पहिले तीन डाव जिंकलो आणि बाईंनी आपल्या चिप्स माझ्यामागे सरकवल्या.

"अंकल, यू प्ले व्हेरी स्टेडी," त्या म्हणाल्या. "आय फॉलो यू."

या आंटी आंग मो किओ नावाच्या जुन्या वस्तीतल्या निघाल्या. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली होती, मुलं आपापल्या घरी. आठवड्यातून एकदा शंभर डॉलर दारात भरून त्या इथे येतात. "यू कम फ्री, अंकल. यू कॅन गो एनीटाइम. मी, पे ऑलरेडी. मस्ट स्टे."

मी जिंकतच गेलो. पानं चांगली येत होती. माझा दुसरा नियम पुरा झाला. तेवढ्याच चिप्स जिंकल्या होत्या, उठायला हवं होतं. मी खुर्ची मागे सरकवली आणि आंटींकडे पाहिलं. त्यांनी नुकत्याच नव्या चिप्स माझ्यामागे रचल्या होत्या.

आता सांगा, कसं उठायचं? आपल्याकडे पंगतीत शेजारच्याचा ताकभात व्हायचा असेल, तर आपण पानातल्या मिठाशी खेळत बसतो, पण उठत नाही. उठलं तर सगळी पंगत माना वर करून बघते. लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे ते. संख्याशास्त्र नंतर आलं. मी खुर्ची पुढे घेतली.

मग तक्ता तोच, मी तोच, पानं मात्र फिरली. जिंकलेलं गेलं, मग आणलेलंही जाऊ लागलं. आंटींचंही जात होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, नुसतं "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड" म्हणत होत्या, त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी म्हणालो, "आंटी, मला गेलं पाहिजे. मुलगा बाहेर वाट बघतोय."

"सन हाऊ ओल्ड?"

"अडतीस."

"थर्टी-एट! कॅन वेट, ला." मग त्यांनी आस्थेनं विचारलं, "ही वर्क हिअर? पीआर ऑर नॉट?"

"पीआर."

"आह! गुड, गुड." त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "देन ही नॉट गोइंग एनीव्हेअर. यू सिट."

मी उठलो. आंटींना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले आणि लगेच दुसऱ्या एका माणसामागे चिप्स ठेवायला गेल्या.

हॉकर सेंटर

निखिल पाण्याच्या कडेला बसला होता. मी किती हरलो हे त्यानं विचारलं नाही, आणि तो किती वेळ बसला होता हे मी विचारलं नाही. एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, जाऊन आम्ही कॉफी घेतली. तिथे तिला कोपी म्हणतात. त्यात खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर असतो, न ढवळता प्यायली तर आधी कडू आणि मग नुसती साखर. मी ढवळायला विसरलो.

"कधी ठरलं हे?"

"ठरलं असं नाही, बाबा. इराला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचंय. पीआर असलं की शाळा मिळायला सोपं जातं. गौरी म्हणाली, अर्ज तर टाकून ठेवू. मिळेलच असं कुठंय."

"आणि मिळाला."

"मिळाला." तो कप फिरवत बसला. "मला खरंच वाटायचं, परत येऊ. खोटं नव्हतो बोलत. दरवेळी वाटायचं, एवढं एक होऊ दे, मग निघू."

तो रडवेला झाला होता. अडतीस वर्षांचा बाप्या, टीम लीड, गळ्यात ऑफिसचं कार्ड नसलं तर ओळखूही येणार नाही असा, आणि खालचा ओठ बारशातल्यासारखा थरथरत होता. मला त्याचा राग येईना. तासाभरापूर्वी मी एका अनोळखी बाईच्या भिडेपोटी खुर्ची सोडली नव्हती. याचं तर घर होतं, शाळा होती, बायको होती.

"आईला सांगायला पाहिजे," मी म्हणालो.

"तुम्ही जायच्या आधी सांगतो. मीच सांगतो. तुम्ही नका सांगू, प्लीज."

पुन्हा पुंगोल

त्यानंतरचे दिवस असे गेले, की रोज रात्री जेवायला बसलं की निखिल घसा खाकरायचा. "आई..."

"काय रे?"

"भाकरी मस्त झालीये."

सुमती खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी. पुन्हा "आई", पुन्हा "काय रे", पुन्हा भाकरीचं कौतुक. आठवडाभर त्या घरात दुसरं काही शिजलं नाही. इरा म्हणाली, "आजी, एव्हरी डे भाकरी, कॅनॉट टेक इट, ला." गौरी ताटाकडे बघत राहायची. आणि सुमती एकांतात मला विचारायची, "विचारलंत का?" मी म्हणायचो, "विचारतो."

एका संध्याकाळी त्या गोल फिरणाऱ्या गाडीत मी निखिलला गाठलं. "हे बघ, तुझ्या हातात सोळा आहेत आणि समोर दहा उघडं आहे. सगळ्यांत वाईट हात हाच. पान घेतलंस तर बहुतेक मरशील. नाही घेतलंस तरी बहुतेक मरशील. तक्ता म्हणतो, घे."

"का?"

"नुसतं बसून राहणारा थोडा जास्त हरतो."

"बाबा, हे तुम्ही आईला पत्त्यांत समजावून सांगाल का?" तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो आणि आमचं स्टेशन गेलं. पुन्हा एक चक्कर मारून आलो.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. बॅगा भरून दारापाशी लावल्या होत्या. जेवणं झाली. सुमती ताटं उचलायला उठली आणि उभ्या उभ्याच थांबली.

"हे काही विचारणार नाहीत, मला कळलंय," ती म्हणाली. "निखिल, मीच विचारते. परत कधी येणार तुम्ही?"

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, की डोळ्यांनी काही सांगितलं नाही. त्याचा डाव होता.

"नाही येणार, आई," तो म्हणाला. "बहुतेक नाहीच. आम्ही पीआर घेतलाय. मार्चमध्ये."

गौरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं. सुमतीच्या नाही. ती हातातली ताटं घेऊन तशीच उभी.

"म्हणजे पाडव्याला फोन केलास, तेव्हा मिळालेला होता."

"हो."

"इज पीआर गुड, आजी?" इरानं विचारलं.

"गुड गं बाई. फार गुड." सुमतीनं ताटं खाली ठेवली आणि खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता हिला रडू येईल, आता ती चिडेल. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तिनं बाजूला सारला आणि निखिलच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "पण एक सांगू का? ते दोन वर्षांचं खरं नाही, हे मला कधीचंच माहीत होतं रे. तरी दर रविवारी फोनवर तू ते म्हणायचास, ते ऐकायला बरं वाटायचं मला. मग तो फोन आठवडाभर पुरायचा. आता रविवारी काय बोलायचं आपण?"

निखिल उठला आणि ताटं उचलून आत घेऊन गेला. त्याला पान घ्यायला मीच लावलं होतं.

परत येऊन आता काही महिने झाले. रविवारी सकाळी फोन येतो. इरा शाळेचा नवा गणवेश दाखवते, गौरी तब्येतींची चौकशी करते. मग निखिल पडद्यावर येतो आणि सुमती त्याला विचारते, "पाऊस आहे का रे तिकडे?" तो खिडकीशी जाऊन बघून येतो आणि सांगतो. तिथे बारा महिने पाऊस असतो. ती तरी दर रविवारी विचारते.